ब्रिजिटचं खोडलेलं वाक्य

आमच्या धंद्याला धड नाव नाही. पाटीवर ‘पासपोर्ट, व्हिसा, प्रतिज्ञापत्र, टायपिंग’ असं लिहिलेलं होतं, पण येणारा माणूस खालच्या बेकरीत विचारायचा, “फॉर्मवाल्या बाई आहेत का वर?” आणि बेकरीवाला पाव बांधता बांधता हनुवटीनं जिना दाखवायचा. नालासोपारा पश्चिमेला त्या बेकरीच्या माळ्यावर मी एकतीस वर्षं बसले. गेल्या मार्चमध्ये ऑफिस बंद केलं. आता फुलपाड्याला घरी असते, आणि शेजारणी आधार कार्डाचे फॉर्म घेऊन येतात ते मी चष्मा सापडत नाही म्हणून परत पाठवते.

लोकांना वाटायचं, व्हिसा मी देते. व्हिसा देणारा साहेब कुठेतरी लांब बसलेला असतो. त्याला तुमचा चेहरा दिसत नाही, कागद दिसतात. त्या कागदांतून माणूस दिसला पाहिजे, पण नको तितका दिसता कामा नये. एवढंच माझं काम होतं.

त्यासाठी माझी एक पद्धत होती. कुठलाही गुंतागुंतीचा अर्ज असला की मी माणसाला पट्टीचे, म्हणजे रेघा आखलेले, दोन कागद द्यायची आणि म्हणायची, “काय झालं ते सगळं मराठीत, स्वतःच्या अक्षरात लिही. लाजू नकोस. मला सगळं कळलं पाहिजे.” मग मी लाल पेन घेऊन बसायची. साहेबाला जे नको ते खोडायचं, उरलेलं इंग्रजीत टाइप करायचं. रडारड, सासूची तक्रार, देवाची कृपा, सगळ्यावर लाल रेघ. माझ्या लाल पेनाचा मला फार अभिमान होता. गिऱ्हाईक म्हणायचं, “बाई, हे तर खरं आहे हो!” मी म्हणायची, “खरं आहे म्हणूनच खोडते. खोटं तर मी लिहूच दिलं नसतं.”

गिऱ्हाइकं एकेक नमुन्याची. तुळिंजचे एक काका तीन वेळा पासपोर्ट काढून घेऊन गेले, दर दहा वर्षांनी एकदा, आणि पहिल्या दोन्हींची पानं कोरी. “काका, जायचंय तरी कुठे?” तर म्हणाले, “कुठे नाही. जाता येतं एवढं घरात असलेलं बरं.” आणि महिन्यातून एकदा तरी वसईच्या गावांमधला कुणी ख्रिस्ती तरुण यायचा, आडनाव पोर्तुगीज, हातात बाप्तिस्म्याचा दाखला. “बाई, दमणवाल्यांना पोर्तुगालचा पासपोर्ट मिळतो. आमचं नावपण तसलंच. आम्हाला का नाही?” मग मी त्याला इतिहास सांगायची. गोवा-दमणवर पोर्तुगीजांचं राज्य परवापरवापर्यंत होतं, त्यामुळे त्या काळात तिथे जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलानातवंडांना तो हक्क आहे. वसई मराठ्यांनी त्याच्या सव्वादोनशे वर्षं आधी जिंकून घेतली. मुलगा जिना उतरताना मराठ्यांवर चरफडत जायचा.

हे सगळं गमतीचं वाटतं. मलाही वाटायचं.

नालासोपाऱ्याजवळच्या राजोडी गावच्या मर्सीमावशींची दोन मुलं, सिल्व्हेस्टर आणि ब्रिजिट. दोघांचे कागद मी केले. सिल्व्हेस्टर मुंबईच्या एका रुग्णालयात ब्रदर होता, म्हणजे पुरुष नर्स. इंग्लंडला जायचं म्हणून त्याने इंग्रजीची परीक्षा तीनदा दिली, दोनदा नापास झाला. पोलीस दाखला, अनुभवाचे दाखले, छातीचा एक्स-रे, सगळं मिळून दोन वर्षं गेली. माझ्या समोरच्या स्टुलावर बसून तो त्या काळात अर्धा झाला. शेवटी गेला, आणि तिथल्या मोठ्या इस्पितळात म्हाताऱ्यांच्या वॉर्डात लागला.

ब्रिजिटचा साखरपुडा झाला दमणच्या पीटरशी. पीटरचा बाप पोर्तुगीज अमलात जन्मलेला. त्या एका जन्मनोंदीवर पीटरला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला. पोर्तुगाल युरोपीय संघात, आणि त्या वेळी ब्रिटनही त्याच संघात. संघ म्हणजे व्यापाराला एकत्र आलेल्या देशांचा गट, मालाबरोबर माणसंही आत कुठेही जाऊन कामाला लागू शकतात. पीटर पोर्तुगालमध्ये एक दिवसही राहिला नाही. थेट इंग्लंडला उतरला आणि आठवड्यात कोंबडी पॅक करायच्या कारखान्यात उभा राहिला. परीक्षा नाही, एक्स-रे नाही.

मग त्या देशात संघातून बाहेर पडायचं की नाही यावर मतदान ठरलं. एका दुपारी सिल्व्हेस्टरचा फोन आला.

“बाई, घरी पत्र आलंय, मतदार यादीत नाव घाला म्हणून. मी इंडियन पासपोर्टवाला. मला कसं मत?”

मी शोधून पाहिलं. खरंच होतं. राष्ट्रकुलातल्या, म्हणजे पूर्वी ब्रिटिश अमलाखाली असलेल्या, देशांचे नागरिक तिथे राहत असतील तर त्यांना मत. म्हणजे राजोडीच्या सिल्व्हेस्टरला होतं, आणि पोर्तुगीज पासपोर्टवाल्या पीटरला नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी फोनवरच त्याला कुठला रकाना कसा भरायचा ते सांगितलं. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्या देशाचं काय व्हावं ते आता आमचा पोरगा ठरवणार!

“बाई, मी बाहेर पडायच्या बाजूनं देणार,” तो म्हणाला. “आम्ही दोन-दोन वर्षं रांगेत उभे राहतो आणि हे मागच्या दारानं येतात. सगळ्यांना एकच रांग पाहिजे.”

आणि मी म्हटलं, “तुझं बरोबरच आहे.”

का म्हटलं? धंद्यातला राग होता. दोन वर्षं मी त्याच्या फायलीवर घाम गाळला होता, आणि पीटरची फाइल दमणच्या कुणा एजंटनं एका जन्मनोंदीवर पास केली होती. कष्टाच्या कागदापेक्षा नशिबाचा कागद पुढे जातो याची मला चीड होती. त्या चिडीच्या भरात तोंडातून गेलं.

त्या वर्षी नाताळला सिल्व्हेस्टर आणि पीटर दोघंही राजोडीला आले, पुढच्या महिन्यात लग्न म्हणून. मावशी मला दरवर्षी जेवायला बोलवायच्या. मी हिंदू, देवगडची, त्यामुळे माझ्यासाठी सुरमई वेगळ्या तव्यावर. टेबलावर नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, परात, आणि दोघं एकमेकांसमोर.

पीटरनं शांतपणेच सुरुवात केली. “मी तिथे राहतो, टॅक्स भरतो. मला मत नाही. तुला होतं, आणि ते तू माझ्याविरुद्ध दिलंस.”

“तुझ्याविरुद्ध नाही. त्या नियमाविरुद्ध.”

“नियमाला घर नसतं, सिल्व्हेस्टर. मला आहे. तुझी बहीण तिथेच राहायला येणार आहे.”

“मग येऊ दे ना, सगळे येतात तशी. तुझ्या गावावर पोर्तुगीज जरा जास्त दिवस बसले, एवढीच तुझी लायकी.”

“आणि तुमच्या गावातून मराठ्यांनी त्यांना आधी हाकलून दिलं, तो माझा गुन्हा?”

मला हसू आलं. मला एकटीलाच. मर्सीमावशींनी हातातला डाव टेबलावर आपटला. “ए, गोऱ्या लोकांचं भांडन माझ्या घरात नको. तिकडं भांडा, हितं जेवा. आनि सिल्व्या, तो जावई हाय ह्या घरचा.”

“आई, मी चूक नाही केली. बाईंना विचार. बाईपण म्हणाल्या बरोबर आहे म्हणून.”

ब्रिजिटनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या लग्नाच्या व्हिसाची फाइल त्या वेळी माझ्याच कपाटात होती. “बाई, तुम्ही असं म्हणालात?” मी सुरमईचा काटा काढत बसले. त्यानंतर त्या टेबलावर मी कधी जेवले नाही. कुणी नको म्हटलं नाही, मलाच जाववलं नाही.

ब्रिजिट गेली. मधल्या काळात ब्रिटन बाहेर पडलाच. आधीपासून तिथे असलेल्या पीटरसारख्यांना आणि त्यांच्या बायकांना नवा नियम लागू झाला. सलग पाच वर्षं तिथे राहिल्याचं दाखवा, मग कायमचा मुक्काम. सलग याचा अर्थ, कुठल्याही बारा महिन्यांत सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहायचं नाही. गंभीर कारण असलं तर एकदा वर्षापर्यंत सूट मिळू शकते, पण ते कारण सिद्ध करायचं. आणि एकदा धागा तुटला की पुन्हा पहिल्यापासून मोजायची सोय आता उरली नव्हती. हे सगळं मीच ब्रिजिटला फोनवर समजावलं होतं. ती माझ्याशी कामापुरतं बोलायची.

तिला चार वर्षं होऊन गेली होती तेव्हा मर्सीमावशींना अर्धांगाचा झटका आला. ब्रिजिट पुढच्याच विमानानं आली. पीटर नोकरीसाठी तिकडेच राहिला. पाचवा महिना संपत आला तेव्हा तिनं मला राजोडीला बोलावून घेतलं. मावशी खाटेवर होत्या, एक बाजू गेलेली, बोलणं घसरलेलं. ब्रिजिट मागच्या पडवीत चादरी पिळत होती.

“बाई, महिनाभरात परत जायला पाहिजे ना? नाहीतर माझं तिकडचं तुटेल?”

आयुष्यभर मी लोकांना सांगत आले होते की कागद आधी. बापाचं वर्षश्राद्ध सोडून मुलाखतीला पाठवलेत मी लोक. त्या दिवशी खाटेवरून आवाज आला, “बाय आली काय? तिला च्या दे गो,” आणि मी म्हटलं, “राहा, ब्रिजिट. आईपेक्षा कागद मोठा नाही. पुढचं मी बघते.”

एकतीस वर्षांत एकदाच मी माणसासारखा सल्ला दिला.

मावशी दहाव्या महिन्यात गेल्या. महिन्याचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाल्यावर ब्रिजिट माझ्याकडे जिना चढून आली. आता तिला कायमचा मुक्काम मिळवायचा तर ही गैरहजेरी गंभीर कारणाची होती हे सिद्ध करायचं होतं. मी म्हटलं, इस्पितळाचे कागद काढ. तेव्हा कळलं, पहिले चार दिवस सोडले तर कागदच नाहीत. डॉक्टर स्कूटरवरून घरी यायचे आणि औषधाचं नाव कॅलेंडरच्या मागे लिहून जायचे. बाकी सगळं घरात. भरवणं, पुसणं, कूस बदलणं. राजोडीत मुलीनं आईचं केलं तर त्याचा दाखला कोण मागतं, आणि कोण देतं? डॉक्टरांनी चार ओळी लिहून दिल्या, फादरनी आजारी असल्याचं पत्र दिलं. पण साहेबाचा पहिला प्रश्न मला दिसत होता. मुलगा आहे ना? तो का आला नाही? हीच का राहिली?

मी ब्रिजिटला पट्टीचे दोन कागद दिले. तिनं तासभर लिहिलं. मी लाल पेन घेऊन वाचायला लागले. शेवटी असं होतं:

“भाऊ येणार होता. त्याची दोन आठवड्यांची रजा मंजूर झाली होती. पीटरची माफी मागणार असलास तरच ये, नाहीतर ह्या घरात पाय ठेवू नको, असं मी त्याला फोनवर सांगितलं. तो आला नाही. ती माझी चूक होती. आई रोज विचारायची, सिल्व्या कधी येतो. मी सांगायची, वॉर्डात माणसं कमी आहेत, रजा मिळत नाही. तिला ते पटलं. पोर दुसऱ्यांच्या आया सांभाळतो, देव त्याचं भलं करो, असं म्हणून ती झोपायची.”

मी त्या सगळ्यावर लाल रेघ मारली.

ब्रिजिट म्हणाली, “बाई, हे राहू द्या ना.”

“वेडी आहेस का? भाऊ येत होता आणि तू येऊ दिलं नाहीस, असं स्वतः लिहून देतेस? मग तुझं आईजवळ राहणं गरजेचं होतं असं कोण म्हणेल?”

मी टाइप करायला घेतलं.

मग सिल्व्हेस्टरला फोन केला. भावाचं एक निवेदन हवं होतं, की आईजवळ बहीण एकटीच होती. मी म्हटलं, “रजा मिळाली नाही एवढं…”

“रजा मिळाली होती, बाई. खोटं लिहायला लावू नका. तुम्हीच शिकवलंय.”

“बरं. मग कारण लिहू नकोस. ‘मी गेलो नाही, माझ्या बहिणीनं एकटीनं आईचं केलं,’ एवढंच लिही.”

त्याने ते वाक्य पुटपुटून पाहिलं. मग म्हणाला, “आई माझ्यावर राग धरून गेली. पोरगा असून आला नाही, असं मनात घेऊन गेली. आता ते मी सहीनिशी लिहूनपण देऊ?”

ब्रिजिटचा कागद माझ्या समोर, टेबलावर होता. लाल रेघेखालून अक्षर स्पष्ट दिसत होतं. एका गिऱ्हाइकाचा कागद दुसऱ्याला सांगायचा नाही, मग ते सख्खे भाऊबहीण असोत, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. आणि मला भीती होती, त्याला कळलं तर हा सरळ मुलगा सगळंच आपल्या निवेदनात लिहील. मी म्हटलं, “तिचं घर आहे तिथे, सिल्व्हेस्टर. एकदा तू त्यावर मत दिलंस, आता एक सही दे.”

हे बोलायला नको होतं. पण लागू पडलं. तीन आठवड्यांनी त्याची सही आली. दोन ओळी, कारण नाही.

ब्रिजिटचा अर्ज मंजूर झाला. निरोप आला त्या दिवशी मी बेकरीवाल्याला पेढे दिले. तिचा आभाराचा फोन आला. मी म्हटलं, “भावाला फोन कर, त्याच्या सहीनं झालं.” ती म्हणाली, “बघते.” दोघंही त्याच देशात राहतात, गाडीनं तीन तासांच्या अंतरावर. वर्षातून एकदा राजोडीला येतात, ती जानेवारीत, तो मेमध्ये. घराची किल्ली शेजारी असते. तारखा एकमेकांवर येऊ नयेत म्हणून दोघंही आधी मला विचारायचे. मी तेही काम चोख केलं.

ऑफिस बंद करताना मी सगळ्यांना फोन करून आपापल्या फायली न्यायला सांगितलं. ब्रिजिट म्हणाली, “माझी फाडून टाका, बाई. पीटर म्हणतो, पुन्हा त्या सगळ्याचं नाव काढू नको.” मी फाडली नाही. एकतीस वर्षांत मी मूळ कागद फाडलेला नाही. घरी घेऊन आले.

मेमध्ये सिल्व्हेस्टर आला, थेट फुलपाड्याला. आता त्याच्याकडे ब्रिटनचा निळा पासपोर्ट आहे, आपल्या गावी यायला वेगळं कार्ड लागतं. केस पांढरे झालेत. मी त्याची फाइल दिली. तो चहा पीत होता. आईच्या वार्षिक मिस्साला चर्चमध्ये पाचच माणसं होती, असं सांगत होता. “आईला मी आलेला आवडला असता की नाही कुणास ठाऊक,” असं हसून म्हणाला.

मी उठले, कपाटातून ब्रिजिटची फाइल काढली आणि तो पट्टीचा कागद त्याच्या हातात दिला.

त्याने वाचला. परत वाचला. बोट लाल रेघेवरून सरकवत खालचं अक्षर बघत होता.

“म्हणजे आईला वाटत होतं, मला रजाच मिळाली नाही?”

“हो.”

“रागावली नव्हती?”

“नाही. शेवटपर्यंत नाही.”

“आणि ब्रिजिटनं हे लिहिलं होतं. स्वतःहून.”

“हो.”

“ही रेघ कुणी मारली?”

“मी.”

त्याने कागद टेबलावर ठेवून तळहातानं सरळ केला, नर्स लोक चादर करतात तसा. मी म्हटलं, ते पाठवलं असतं तर तिचा अर्ज नाकारला गेला असता, निदान तशी शक्यता होती, आणि मी तिला राहा म्हणून सांगितलं होतं, मला ते निस्तरायचं होतं. मी बरंच बोलले. माझा आवाज मला नोटरीसमोर बोलतात तसा वाटत होता.

“त्यांना पाठवलं नाहीत, हे बरोबरच होतं,” तो म्हणाला. “मला तरी पाठवायला हवं होतं, बाई.”

मग त्याने विचारलं, “मी फोनवर म्हटलं होतं, आई राग धरून गेली. तेव्हा हा कागद तुमच्याकडे होता?”

माझ्या तोंडात नियमाचं वाक्य आलं होतं. ते मी गिळलं आणि म्हटलं, “समोरच होता.”

त्याने कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. मूळ कागद देताना मी नेहमी पोच घेते, त्या दिवशी घेतली नाही. दारात त्याने चपला घातल्या, सवयीनं “येतो बाई” म्हणाला आणि जिना उतरून गेला. त्याची स्वतःची फाइल टेबलावरच राहिली, ती न्यायला तो अजून आलेला नाही. ब्रिजिटनं जानेवारीच्या तारखा अजून विचारलेल्या नाहीत.